‘नाम जपणे’ म्हणजे नेमके काय? शीख परंपरेतील नामसिमरनाविषयी एक प्रश्न

गोदातीर

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षांपासून नांदेडला राहते. पहाटे फिरायला निघाले की पाय आपोआप सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे वळतात. आवारात एका कडेला बसून कीर्तन ऐकायचे आणि उजाडायला लागले की घरी परतायचे, असा नेम पडला आहे. मी शीख नाही. घरी वारकरी वातावरण होते, त्यामुळे नाम हा शब्द मला नवा नाही. तेथे शेजारी बसणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले, ‘बेटा, नुसती बसू नकोस, वाहिगुरू म्हण.’ तेव्हापासून मी मनातल्या मनात ‘वाहिगुरू’ म्हणत बसते.

माझी अडचण अशी आहे की पाच-दहा मिनिटांत ओठ एकीकडे चालतात आणि मन दुसरीकडे जाते. आज कार्यालयात कोणती कागदपत्रे द्यायची आहेत, घरभाडे भरायचे राहिले आहे, आईला दूरध्वनी केलेला नाही, हे सर्व त्या शब्दाच्या खालून वाहत राहते. शब्द मात्र थांबत नाही. हे थांबत नाही याचे समाधान मानावे, की अशा जपाला काही अर्थ नाही असे समजावे, हे मला कळत नाही. गुरुबाणीत, म्हणजे शीख धर्मग्रंथातील वाणीत, ‘नाम जपणे’ म्हणतात तेव्हा एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे अभिप्रेत आहे, की आणखी काही? ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आहे किंवा गुरुबाणीचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहाटपाखरू

शब्द थांबत नाही, हेच पुष्कळ आहे. चालू ठेवा.

अक्षरवेल

पहाटपाखरू यांच्याशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. गुरू अमरदासांनी या प्रश्नाचे उत्तर अगदी थेट दिले आहे: ‘रामु रामु सभु को कहै कहिऐ रामु न होइ ॥ गुर परसादी रामु मनि वसै ता फलु पावै कोइ ॥’ राम राम सगळेच म्हणतात, पण म्हटल्याने राम होत नाही, गुरूच्या कृपेने तो मनात वसला तरच फळ मिळते. कबीरांचा जो श्लोक गुरू ग्रंथ साहिबात आहे, त्यातही लाकडी जपमाळ लोकांना दाखवून काय उपयोग, हृदयात रामाची आठवण नसेल तर ही माळ काय करणार, असे विचारले आहे. म्हणून निव्वळ उच्चाराला नामसिमरन म्हणणे हे गुरुबाणीला धरून होत नाही, असे माझे मत आहे.

शिवाय ‘नाम’ या शब्दाची व्याप्तीही लक्षात घ्यायला हवी. जपुजी साहिब या बाणीच्या एकोणिसाव्या पौडीत, म्हणजे कडव्यात, गुरू नानक म्हणतात, ‘जेता कीता तेता नाउ ॥ विणु नावै नाही को थाउ ॥’ जेवढे म्हणून निर्माण केले आहे तेवढे सर्व नामच आहे, नामाविना कोणतीही जागा नाही. येथे नाम म्हणजे हाक मारण्याचे नाव नव्हे. जी सर्व सृष्टीत भरून आहे आणि जिच्या आधारावर सृष्टी उभी आहे, त्या सत्तेला ते नाम म्हणतात. गुरू अर्जन तर स्पष्टच सांगतात की जिभेने घेतलेली तुझी सर्व नावे कृत्रिम आहेत, ‘सति नामु’ हे तुझे आदीपासूनचे नाव आहे. आता सांगा, जे सर्वत्र आहे त्याचा ‘जप’ ओठांनी कसा होणार? त्याची जाणीव ठेवणे हाच त्याचा जप.

पहाटपाखरू

अक्षरवेल, आपण दिलेल्या ओळी खऱ्या आहेत, पण त्याच गुरुबाणीत ‘आखा जीवा विसरै मरि जाउ’ ही ओळही आहे. म्हणतो तेव्हा जगतो, विसरतो तेव्हा मरतो. यातले ‘आखा’ म्हणजे म्हणणे, उच्चारणेच आहे. पुढच्याच ओळीत गुरू नानक म्हणतात की ते खरे नाव म्हणणे कठीण आहे. सहज जमते असा दावा त्यांनी केलेला नाही. पहाटे उठून मन भटकते म्हणून रडवेल्या झालेल्या माणसाला ‘तुझे जपणे खरे नव्हे’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

दख्खनी

मी नांदेडचाच. आमचे घराणे कित्येक पिढ्या येथे आहे. घरी पंजाबी कमी आणि दख्खनी हिंदी व मराठी जास्त बोलली जाते. त्यामुळे गोदातीर ताईंचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

आमच्या परंपरेत नामसिमरन हे वेगळे काढलेले साधन नाही. नाम जपो, किरत करो, वंड छको, म्हणजे नाम जपा, कष्टाने कमवा आणि वाटून खा, असे तिन्ही एकत्र सांगितले जाते. रहत मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, अमृतवेळी, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारे तीन तास आधी, उठून स्नान करून अकाल पुरुखाचे, म्हणजे कालातीत परमेश्वराचे, ध्यान धरत ‘वाहिगुरू’ जपावे असे सांगितले आहे, आणि त्याबरोबर नितनेमाच्या, म्हणजे रोजच्या पाठाच्या, बाण्याही नेमून दिल्या आहेत: सकाळी जपुजी, जाप आणि दहा सवैये, संध्याकाळी रहिरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला. म्हणजे जप आहे, पाठ आहे, पुढे दिवसभराचे काम आहे आणि संगतही आहे. एकट्या जपाला बाजूला काढून ‘तो जमतो का’ असे मोजायला गेले की माणूस लवकर खचतो.

माझी दादी दुपारी अंगणात सुपात गहू घेऊन निवडत बसायची. तिचे ओठ हलत असायचे, पण आवाज येत नसे. खडा दिसला की बोटांनी टिपायची आणि बाजूच्या वाटीत टाकायची; तेवढा वेळ ओठ थांबायचे की नाही, हे मी लहानपणी टक लावून पाहत असे. ते थांबत नसत. मी एकदा तिला विचारले की दिवसातून किती वेळा म्हणतेस. ती म्हणाली, ‘मोजायला लागले तर मोजणेच होईल.’ तिच्याकडे माळ होती, पण ती पहाटेच हातात घ्यायची आणि नंतर उशाखाली ठेवून द्यायची.

आणखी एक गोष्ट. आपण ज्या आवारात बसता, तेथे रोज पहाटे गोदावरीचे पाणी गागरीत भरून आणण्याची सेवा असते. ती सेवा करणाऱ्याला गागरिया सिंग म्हणतात. कधी पाहिली नसेल तर आवर्जून पाहा. का, ते नंतर लिहितो. आता दुकान उघडायची वेळ झाली.

रानवाट

मला एक शंका आहे. नामस्मरण, जप, अमृतवेळ हे सर्व आपल्या संतांकडेही आहे. मग शीख परंपरेतील नामसिमरन आणि वारकऱ्यांचे नामस्मरण यांत खरोखर काही फरक आहे का, की दोन्ही एकच आहेत आणि केवळ शब्द वेगळे आहेत?

अक्षरवेल

एकच आहे असे घाईने म्हणू नये. वारकऱ्यांच्या नामाला समोर विटेवर उभे असलेले रूप आहे. पंढरीची वाट, चंद्रभागा आणि तुळशीची माळ आहे. शिखांचा अकाल पुरुख अजूनी आहे, म्हणजे जन्म न घेणारा, आणि मूलमंत्राच्या पहिल्याच अक्षरांत तो एक आहे असे सांगितले आहे. तेथे मूर्ती नाही, गुरू हा शब्दरूप आहे, आणि 1708 साली नांदेडलाच गुरू गोबिंद सिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले. नाम गुरूच्या शब्दातून मिळते, ही तेथील मध्यवर्ती गोष्ट आहे. वारकरी परंपरेतही गुरूचे स्थान मोठे आहे, पण दोन्ही परंपरांचे घाट वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहू द्यावेत.

मात्र या दोन घाटांना जोडणारा एक पूल आहे आणि तो आपल्या सर्वांना माहीत आहे. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमाणला त्यांचे स्थान आहे. 2015 सालचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते, हे अनेकांना आठवत असेल. त्यांच्या त्या पदांत ‘बीठल’ हा शब्दही आहे: ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु’, इकडेही विठ्ठल, तिकडेही विठ्ठल, विठ्ठलाविना जग नाही. ही ओळ शीख रागी गातात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पंढरपूरची मूर्ती नसते. सर्वव्यापी एक असतो. आपण ऐकतो तेव्हा आपल्याला दोन्ही दिसतात. हा फरक पुसून टाकण्याची गरज नाही.

सुईदोरा

नामदेवांचे नाव निघाले म्हणून मी लिहितो. मी शिंपी आहे, जातीनेही आणि धंद्यानेही. माझे ब्लाउज शिवण्याचे दुकान आहे. नामदेवांचे आसा रागातले पद मला एका शीख गिऱ्हाईक बाईंनी वाचून दाखवले होते, तेव्हापासून ते मी कागदावर लिहून मशीनसमोर चिकटवले आहे.

‘मनु मेरो गजु जिहबा मेरी काती ॥ मपि मपि काटउ जम की फासी ॥’ मन हा माझा गज, जीभ ही माझी कात्री, मोजून मोजून मी यमाचा फास कापतो. पुढे म्हणतात, ‘रांगनि रांगउ सीवनि सीवउ ॥ राम नाम बिनु घरीअ न जीवउ ॥’ मी रंगवतो, मी शिवतो आणि रामनामाविना घडीभरही जगत नाही. शेवटी सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा येतो.

आता माझा अनुभव सांगतो, कारण येथे विद्वान मंडळी बोलत आहेत आणि मला हाताचे काम तेवढे कळते. तुरपाई करताना, काजे करताना, हुक लावताना तोंडाने नाम चालू राहते. हात सवयीने चालतो. परंतु कापड कापताना तसे होत नाही. भारी रेशमाचा कपडा टेबलावर पसरला, खडूच्या खुणा केल्या आणि कात्री हातात घेतली की त्या वेळी दुसरा कोणताही शब्द मनात चालत नाही. एकदा मी जप चालू ठेवायच्या हट्टाने कापायला बसलो आणि अस्तराच्या मापाने वरचे कापड कापले. दीड इंचाने गळा गेला. ते कापड मी गिऱ्हाईकाला नवे आणून दिले.

त्या दिवसापासून मी या पदाचा विचार करतो आहे. नामदेव असे म्हणत नाहीत की हात कापतो आणि मन नाम घेते. ते म्हणतात की मन हाच गज आहे आणि मोजून मोजून कापणे हेच ते करत आहेत. मला असे समजते की नीट मोजणे, नीट कापणे, समोरच्या माणसाचे कापड वाया न घालवणे, हे त्या नामाच्या बाहेरचे नाही. कापताना ओठ थांबले तर नाम थांबले, असे मला आता वाटत नाही. माझे चुकत असेल तर जाणकारांनी सांगावे.

अक्षरवेल

सुईदोरा, आपले अजिबात चुकत नाही. मी पुस्तके वाचून जे लिहिले त्याच्या खूप पुढचे आपण लिहिले आहे. यात एक तपशील जोडतो. महाराष्ट्रात नामदेव शिंपी म्हणून ओळखले जातात. उत्तरेत ‘छींबा’ किंवा ‘छीपा’ म्हणजे कापडावर छपाई करणारा, रंगवणारा, अशीही त्यांची ओळख आहे. म्हणून त्या पदात रंगवणे आणि शिवणे दोन्ही आले आहे.

आणि कबीरांचे दोन श्लोक आपल्या या अनुभवाशी थेट बोलतात. हे 212 आणि 213 क्रमांकाचे श्लोक आहेत. त्यात संत त्रिलोचन आपल्या मित्राला, नामदेवांना, म्हणतात, ‘नामा, तू मायेला भुललास. कापडे काय छापत बसला आहेस? रामात चित्त का लावत नाहीस?’ त्यावर नामदेव उत्तर देतात: ‘नामा कहै तिलोचना मुख ते रामु सम्हालि ॥ हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि ॥’ मुखाने राम सांभाळ, हातापायांनी सर्व काम कर आणि चित्त निरंजनाजवळ ठेव. गुरू अर्जनांनी 1604 साली ग्रंथाचे संकलन केले, तेव्हा कबीरांच्या तोंडून आलेला हा मराठी शिंप्याचा संवाद त्यांनी त्यात ठेवला. पंजाबात त्या काळी शेतकरी, जाट, सुतार, खत्री व्यापारी अशा संसारी लोकांची संगत जमत होती. ‘काम सोडून जप करायचा का’ हा प्रश्न त्यांना रोजचा असणार.

पहाटपाखरू

‘मुख ते रामु सम्हालि’. मुखाने. मी आधी एवढेच म्हणत होतो.

अक्षरवेल

मान्य करतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी मुख अगदीच बाद करून टाकले होते, ते एकांगी झाले.

हिरवी_पायवाट

मी कॅनडातील ब्रॅम्प्टनला राहते. येथे माझ्या आसपास शीख कुटुंबे खूप आहेत. काही जथ्यांमध्ये ‘वाहिगुरू’ हा शब्द श्वासाशी जोडून, ‘वाहि’ म्हणताना श्वास आत आणि ‘गुरू’ म्हणताना बाहेर असा, मोठ्याने सिमरन करतात. एका मैत्रिणीबरोबर मी त्या सिमरनाला बसले होते. दिवे मंद केलेले होते, शेकडो लोकांचा श्वास एका लयीत चालला होता आणि मला खरोखर भारावल्यासारखे झाले. परंतु तिच्याच घरी तिचे सासरे या पद्धतीला विरोध करत होते. त्यांचे म्हणणे असे की गुरुबाणीत ‘सासि गिरासि’, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर आणि प्रत्येक घासाबरोबर, ध्यान करावे असे आहे, पण श्वासाचा व्यायाम करावा असे कोठेही नाही. हठयोगाची खटपट गुरूंनी टाकून दिली होती. सून म्हणत होती की शरीर स्थिर झाल्याशिवाय माझे मन बसत नाही. दोघेही रोज अमृतवेळी उठणारे होते. जाणकार याविषयी काय म्हणतील?

दख्खनी

या विषयावर पंथातही मतभेद आहेत आणि ते येथे मिटणार नाहीत. मी माझ्यापुरते सांगतो. ‘सासि गिरासि’ ही ओळ गुरू रामदासांच्या ज्या शबदात येते, तो पूर्ण वाचावा. त्यात गुरूच्या शिखाचा दिवस रेखाटला आहे: तो पहाटे उठून हरिनामाचे ध्यान करतो, उद्यम करतो, स्नान करतो, अमृताच्या सरोवरात न्हातो, दिवस चढला की गुरुबाणी गातो, बसता-उठता नाम ध्यातो, आणि शेवटी स्वतः जपतो व इतरांकडून जपवून घेतो, अशा शिखाच्या पायांची धूळ मला मिळो, असे गुरू स्वतः मागतात. यात तंत्र कोठे आहे? दिवस आहे. सकाळपासून सुरू होणारा आणि उठता-बसता चालणारा एक दिवस. ज्याला श्वासाच्या आधाराने बसता येते त्याने बसावे, परंतु भारावून जाणे म्हणजे नाम नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

रानवाट

जपुजीच्या सुरुवातीलाच ‘सोचै सोचि न होवई जे सोची लख वार’ असे आहे ना? म्हणजे लाख वेळा विचार केला तरी तो विचारात सापडत नाही. मग आपण येथे एवढी चर्चा का करत आहोत, असा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला आहे.

अक्षरवेल

‘सोच’ म्हणजे विचार असा अर्थ अनेक जण घेतात, पण व्याकरणाच्या अंगाने गुरुबाणीचा अर्थ लावणारे प्राध्यापक साहिब सिंग यांनी तेथे ‘शौच’, म्हणजे शुचिता, असा अर्थ घेतला आहे. मला तो अधिक पटतो, कारण पुढची ओळ मौनाविषयी आणि त्यापुढची उपासाविषयी आहे. लाख वेळा अंग धुतले तरी मन शुद्ध होत नाही, अखंड समाधी लावली तरी आतली बडबड थांबत नाही, उपाशी राहिले तरी भूक जात नाही, अशी ही तीन बाह्य साधने एका रांगेत येतात. मग असत्याची भिंत कशी तुटावी, तर हुकुमाच्या, म्हणजे ईश्वरी आज्ञेच्या, मर्जीने चालल्याने, असे उत्तर पौडीच्या शेवटी आहे.

गोदातीर यांच्यासाठी यातील दुसरी ओळ महत्त्वाची आहे. ‘चुपै चुप न होवई’. गप्प बसल्याने आतली शांतता येत नाही, हे गुरू नानकांनी पहिल्याच पौडीत मान्य केले आहे. तेव्हा जप करताना मनात घरभाडे आले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आणि विसाव्या पौडीत ते उपाय सांगतात. हातपाय मळले तर पाण्याने धुवावे, कपडा घाण झाला तर साबण लावून धुवावा, मती पापाने मळली तर ती नामाच्या रंगाने धुवावी. कपडा एकदा धुतला म्हणून आयुष्यभर स्वच्छ राहत नाही. तो रोज मळतो आणि रोज धुवावा लागतो.

संथवाहिनी

मी बहुधा या संस्थळावर प्रथमच लिहीत आहे. वाचत मात्र पुष्कळ असते.

नामदेवांचे रामकली रागातले एक पद आहे, त्यात लागोपाठ दृष्टांत येतात. ‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले’ अशी त्याची सुरुवात आहे. मराठी माणसाला ‘गूडी’ वाचून गुढी आठवेल, पण येथे गूडी म्हणजे पतंग. पंजाबीत आजही पतंगाला गुड्डी म्हणतात. ‘आनीले’, ‘काटीले’, ‘राखीअले’ ही रूपे मात्र आपल्या कानाला परकी वाटत नाहीत. मुलगा कागद आणतो, पतंग कापतो, आकाशात उडवतो, पाच जणांशी गप्पा मारतो आणि चित्त दोरीवर ठेवतो. मुली घागरी भरून आणतात, हसतात, खेळतात आणि चित्त घागरीवर ठेवतात. गाय पाच कोसांवर चरते आणि चित्त वासरावर ठेवते. शेवटचा दृष्टांत असा आहे की आई बाळाला पाळण्यात झोपवते, आतबाहेर कामात गुंतलेली असते आणि चित्त बाळावर ठेवते. हे पदही त्रिलोचनांना उद्देशूनच आहे.

माझे वडील तीन वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या खोलीत ऑक्सिजनचे यंत्र चोवीस तास चालू असे. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असे, मुलाचा अभ्यास घेत असे, कार्यालयाच्या बैठकांना घरूनच हजर राहत असे. त्या यंत्राचा आवाज मला ऐकू येत होता, असे मी कधीही म्हणाले नसते. पण यंत्राने सूर थोडा जरी बदलला, तरी माझे हात थांबत आणि मी दाराकडे वळलेली असे. विचार करून नव्हे, आपोआप. वडील गेल्यावर ते यंत्र परत दिले, त्या रात्री मी तीन वेळा उठले, कारण आवाज नव्हता.

‘चीतु सु बारिक राखीअले’, चित्त बाळावर ठेवले, ही ओळ मी नंतर ऐकली. चित्त ठेवणे म्हणजे काय, हे मला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही. माझ्या मनात त्या तीन वर्षांत ‘बाबा, बाबा’ असा जप चालू नव्हता. परंतु मी त्यांना विसरले होते असा एकही क्षण नव्हता.

सुईदोरा

संथवाहिनी ताई, हे वाचून मशीन बंद करून बसलो आहे.

रानवाट

मीही. धन्यवाद.

पण यातून मूळ प्रश्न अधिकच टोकदार होतो. पतंग उडवणारा मुलगा ‘दोरी, दोरी’ असे म्हणत नाही. आई ‘बाळ, बाळ’ म्हणत नाही. मग ओठांनी ‘वाहिगुरू’ म्हणण्याची गरजच काय?

पहाटपाखरू

दोरी हातात असावी लागते, रानवाट. मुलगा ‘दोरी’ असे म्हणत नसेल, पण त्याने ती बोटाला धरलेली असते, आणि पतंगाने ओढ घेतली की त्याला कळते ते त्या बोटाला. आईला बाळ आहे, ताईंना वडील होते. ओढ आधीपासून होती. आपल्यासारख्यांना त्या अकाल पुरुखाची ओढ जन्मजात जाणवत नाही, म्हणून शब्द बोटाला गुंडाळून बसावे लागते. जो शब्द आपण ‘यांत्रिक’ म्हणून हिणवतो, तो मला त्या दोरीसारखा वाटतो. पतंग कधी दिसतो, कधी ढगात जातो.

अक्षरवेल

पहाटपाखरू यांनी हे फार नेमके मांडले. यावर माझी एकच पुरवणी. दोरी ज्या हातात आहे तो हात ‘मी धरली आहे’ म्हणून फुगला, तर घोटाळा होतो. गुरू अमरदास म्हणतात की ‘हउमै’चा, म्हणजे मीपणाचा, नामाशी विरोध आहे आणि दोघे एका ठिकाणी राहत नाहीत. म्हणून गुरुबाणीत वारंवार ‘गुर परसादी’ येते. किती जप झाला याचा हिशेब ठेवणाऱ्याला तो शब्द थोडा आवर घालतो. दख्खनी यांच्या दादी मोजत का नसत, ते मला येथे कळते.

हिरवी_पायवाट

‘वाहिगुरू’ या शब्दातच ‘वाह’ आहे, याकडेही लक्ष वेधते. माझ्या मैत्रिणीची सात वर्षांची मुलगी पहिला बर्फ पडताना पाहून खिडकीशी ‘वाहिगुरू’ म्हणाली होती. तिला कोणी जप करायला सांगितला नव्हता. आपल्याकडे अशा वेळी ‘अहाहा’ निघते तसे.

दख्खनी

गागरीविषयी लिहायचे राहिले होते.

पहाटे गोदावरीवर जाऊन पाणी भरायचे, भरलेली गागर घेऊन चालत यायचे आणि ते पाणी आतील सेवेसाठी द्यायचे, एवढेच ते काम आहे. बरोबर माणसे असतात. वाटेत कोणी नमस्कार करतो, कोणी ‘वाहिगुरूजी का खालसा, वाहिगुरूजी की फतेह’ म्हणतो, त्याला उत्तर द्यावे लागते. उन्हाळ्यात रस्ता कोरडा असतो, पावसाळ्यात घाटावर शेवाळ असते आणि पाय घसरतो. लहानपणी काकांबरोबर मी अनेकदा मागे मागे चालत आलो आहे. काकांनी मला एकदा सांगितले होते, पाण्याकडे बघत चाललास तर सांडेल, रस्त्याकडे बघ. त्यांचे म्हणणे असे की गागर डोळ्यांनी सांभाळायची नसते, तिचे वजन अंगाला कळत असते. नामदेवांच्या पदातल्या त्या मुली संथवाहिनी ताईंनी लिहिल्या, तेव्हा मला काका आठवले. ज्या नदीकाठाने आम्ही चालत येतो ती तीच गोदावरी आहे, जी नामदेवांच्या काळातही येथून वाहत होती.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस काही लिहिले नाही, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

पहिल्या दिवशी मी मन भटकले की त्याला ओढून आणत होते, आणि उठले तेव्हा थकले होते. दुसऱ्या दिवशी ठरवले की ओढायचे नाही, फक्त शब्द सोडायचा नाही. घरभाड्याचा विचार आला, आईचा आला. शब्द चालू होता. तिसऱ्या दिवशी एक वेगळी गोष्ट झाली. आईचा विचार आला आणि त्याच वेळी शब्दही होता, तेव्हा मला त्या दोघांत भांडण आहे असे वाटले नाही. घरी आल्यावर मी आधी आईला दूरध्वनी केला. ती म्हणाली, ‘आज तुझा आवाज वेगळा येतो आहे, बरी आहेस ना?’

काल कार्यालयात एका अर्जदाराशी बोलताना माझा आवाज चढला. वाक्याच्या मध्येच मला कळले की तो चढला आहे. याआधी ते संध्याकाळी कळायचे. याचा नामाशी काही संबंध आहे असा दावा मी करत नाही, पण संथवाहिनी ताईंच्या यंत्राच्या सुराचा प्रतिसाद मी त्या रात्री पुन्हा वाचला.

त्या वृद्ध बाईंना मी विचारले की मन लागत नाही तर काय करू. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, ‘लागत नाही तरी येतेस ना रोज?’ आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

दख्खनी दादा, गागर अजून पाहिलेली नाही, कारण मी पोहोचते तोवर ती आत गेलेली असते. नेमकी किती वाजता निघते, आणि कोणत्या घाटावर उभे राहिले तर दिसेल?

दख्खनी

ताई, वेळ ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे होते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. तुम्ही येता त्याच्या बरेच आधी यावे लागेल. डोके झाकायला ओढणी असू द्या आणि घाटावर चप्पल जपून, शेवाळ आहे. मी परवा काकांना घेऊन येणार आहे. त्यांचे आता वय झाले आहे, गागर उचलवत नाही, पण मागे मागे चालतात. पायऱ्यांपाशी थांबा, तेथूनच सोबत निघू.